वाचक विचारतात : अमेरिकेत आपल्याच पक्षाचं बिल पाडतात ते कसं?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या ४३ दिवसांच्या शटडाऊनबद्दल (खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकारी कामकाज बंद) थोडं लिहिलं होतं, आणि जाता जाता म्हटलं होतं की आरोग्य विम्यावरून तिथे दोन पक्षांत जेवढं भांडण आहे त्याहून जास्त एकेका पक्षाच्या आत आहे. त्या एका वाक्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. बरेचसे प्रश्न एकसारखे होते म्हणून काही एकत्र केलेत, काहींची लांबी कापलीय, राग मानू नका.

प्रश्न : ताई, २०१७ मध्ये रिपब्लिकनांकडे राष्ट्राध्यक्ष होता, दोन्ही सभागृहं होती, सात वर्षं ते ओबामाकेअर रद्द करू म्हणून ओरडत होते. तरी झालं नाही, म्हणे त्यांच्याच सिनेटर मॅकेननी पाडलं. तिथे व्हिप वगैरे भानगड नसते का? (निवृत्त बँक कर्मचारी, सातारा)

काका, आपली सवय अशी की व्हिप निघाला म्हणजे विषय संपला. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे, घटनेची दहावी अनुसूची, व्हिप मोडला तर खासदारकीच जाऊ शकते. तिथे असलं काहीच नाही. व्हिप नावाचं पद आहे, पण तो बिचारा मतं मोजतो, विनवण्या करतो, फार तर कमिटीवरून काढायची भीती घालतो. आणि तिकीट वाटणारं हायकमांडही नाही, उमेदवार ठरतो तो प्रायमरीत, म्हणजे मतदारांच्या मतांनी. त्यामुळे नाराज माणसाला रातोरात विमान पकडून गुवाहाटी गाठायची गरज पडत नाही, तो सभागृहात उभा राहून विरोधात मत देतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच पक्षाच्या बैठकीला जाऊन बसतो.

आता २०१७ चं बघा. ओबामाकेअर म्हणजे ढोबळमानाने तीन गोष्टी : आधीपासून आजार आहे म्हणून विमा कंपनी नाही म्हणू शकत नाही, कंपनीतर्फे विमा नसलेल्यांना मार्केटप्लेसवर (विम्याचा सरकारी बाजार) पॉलिसी घ्यायला सबसिडी, आणि मेडिकेड (ही गरिबांसाठीची योजना, केंद्र आणि राज्य मिळून चालवतात) जास्त लोकांना लागू. विरोधात असताना हे रद्द करा म्हणणं फुकट होतं. जानेवारी २०१६ मध्ये तर त्यांनी रद्द करायचं बिल पाससुद्धा केलं होतं, ओबामा व्हेटो करणार हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांनी केलाही, कुणाच्या खिशाला झळ नाही. पण सही करायला तयार असलेला माणूस व्हाइट हाउसमध्ये बसल्यावर प्रत्येक जण आपापल्या मतदारसंघात कितीजणांचा विमा जाईल ते मोजायला लागला, आणि खरी फूट तिथे पडली.

हाऊसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, रिपब्लिकनांचे दोन गट. कट्टर उजवा फ्रीडम कॉकस म्हणायचा, तुमच्या बिलात सबसिडी नाव बदलून राहिलीच आहे, हे कसलं रद्द करणं. ट्यूजडे ग्रुपवाले मवाळ, त्यांचं म्हणणं एवढं कापलंत तर आम्ही घरी जाऊ. पांघरूण एकीकडे ओढलं की दुसरीकडचे पाय उघडे. २४ मार्चला स्पीकर पॉल रायनना मतदानाच्या आधीच बिल मागे घ्यावं लागलं. मग न्यू जर्सीचे टॉम मॅकार्थर (मवाळ गटातले) आणि फ्रीडम कॉकसचे मार्क मेडोज यांनी तोडगा काढला, की राज्यांना हवं तर काही नियमांतून सूट मिळेल, म्हणजे विम्यात खंड पडलेल्या आजारी माणसाकडून जास्त हप्ता घ्यायचीही. त्यावर ४ मेला २१७ विरुद्ध २१३ नी पास झालं, २० रिपब्लिकन विरोधात. सिनेट बाकी असतानाच व्हाइट हाउसच्या बागेत हारतुरे! संसदेचं स्वतःचं बजेट ऑफिस सांगत होतं की याने २०२६ पर्यंत २.३ कोटी जास्त लोक विम्याशिवाय राहतील.

सिनेटमध्ये १०० पैकी ५२ रिपब्लिकन, म्हणजे दोन गेले तर चालतील (५०–५० झालं की उपराष्ट्राध्यक्षाचं मत), तिसरा गेला की खेळ खलास. मोठं बिल ४३–५७ पडलं, नुसतं रद्द करणारं ४५–५५ पडलं. शेवटी उरलं ते 'स्किनी', म्हणजे अगदी हाडं उरलेलं बिल. यातली सगळ्यात भारी गोष्ट फार कुणी सांगत नाही : मतदानाच्या आदल्या संध्याकाळी लिंडसे ग्रॅहम आणि इतर काही रिपब्लिकन सिनेटरांनी, त्यात मॅकेनही होते, पत्रकार परिषद घेऊन स्पीकरकडे हमी मागितली की आम्ही हे पास केलं तरी तुम्ही हाऊसमध्ये हे असंच्या असं पास करून कायदा करणार नाही ना! म्हणजे ज्या बिलाला मत द्यायचं ते कायदा होऊ नये याची गॅरंटी हवी. असलं बिल मी तरी दुसरं पाहिलं नाही.

२८ जुलै, रात्रीचा दीड. मॅकेनना मेंदूचा कॅन्सर निघालेला, डाव्या डोळ्यावर टाके, दोनच आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालेलं. उपराष्ट्राध्यक्ष पेन्स बराच वेळ त्यांच्याशी बोलत उभे होते, मनवत होते. मग मॅकेन पुढे आले, हात वर केला, अंगठा खाली. सभागृहात एकदम हाऽऽ झालं, डेमोक्रॅट बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या तर त्यांच्या नेत्यानेच, शूमरनी, हाताने खूण करून गप्प केलं. ४९–५१.

पण काका, सगळं क्रेडिट मॅकेनना देणं मला पटत नाही. मेनच्या सुझन कॉलिन्स आणि अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की या दोघी पहिल्यापासून ठाम होत्या, २५ जुलैला चर्चा सुरू करायच्या ठरावालाही त्यांनी विरोध केला होता, तेव्हा मॅकेन बाजूने होते. मर्कोव्स्कींच्या राज्यातल्या प्रकल्पांची आठवण करून द्यायला एका मंत्र्याचा फोन गेल्याचं तेव्हा अलास्कातल्या पेपरनी छापलं होतं. त्या हलल्या नाहीत, पण फोटो मॅकेनचाच लक्षात राहिला.

प्रश्न : मी पोलिटिकल सायन्सला आहे, दुसरं वर्ष. आमचे सर म्हणाले की ओबामाकडे सिनेटमध्ये ६० मतं होती तरी सरकारी विमा कंपनी काढता आली नाही. ६० म्हणजे तर भरपूर झाली ना? (नांदेड)

सर बरोबर सांगतायत, पण ६० हे भरपूर नसतं रे, ६० म्हणजे जेमतेम. फिलिबस्टर म्हणून प्रकार आहे, चर्चा थांबवून मतदान घ्यायलाच १०० पैकी ६० लागतात (बजेटच्या वाटेने आणलेल्या बिलांना साधं बहुमत पुरतं, म्हणून वर २०१७ मध्ये ६० चा प्रश्न आला नाही). म्हणजे तुझ्याकडे बरोब्बर ६० असले की त्यातला प्रत्येक माणूस राजा. एक जरी म्हणाला मी नाही, की बसा.

२००९ मध्ये हेच झालं. 'पब्लिक ऑप्शन' म्हणजे खासगी कंपन्यांच्या शेजारी सरकारची एक पॉलिसी, हवी त्याने घ्यावी. डाव्या गटाला खरं तर याच्याही पुढे जायचं होतं, सगळ्यांना एकच सरकारी विमा, त्यांनी तडजोड म्हणून पब्लिक ऑप्शनवर समाधान मानलेलं. हाऊसमध्ये ७ नोव्हेंबर २००९ ला २२०–२१५ नी पास झालं, ३९ डेमोक्रॅट विरोधात. तेही कधी, तर मिशिगनचे बार्ट स्टुपॅक यांनी गर्भपाताला या पैशातून विमा मिळणार नाही अशी दुरुस्ती घुसवल्यावर, जिला तब्बल ६४ डेमोक्रॅटांनी मत दिलं. स्त्रियांच्या हक्कांसाठी आयुष्यभर लढलेल्या त्यांच्याच पक्षातल्या महिला खासदारांना दातओठ खात मूळ बिलाला हो म्हणावं लागलं.

सिनेटमध्ये अडवलं जो लिबरमननी. हे २००० साली डेमोक्रॅटांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते बरं का. २००६ मध्ये प्रायमरीत हरले, अपक्ष लढून जिंकले, पण बसायचे डेमोक्रॅटांबरोबर. राज्य कनेक्टिकट, जिथे हार्टफर्डच्या आसपास विमा कंपन्यांची मुख्यालयं आहेत, बाकी तू समजून घे. ते म्हणाले पब्लिक ऑप्शन असेल तर मी फिलिबस्टरला साथ देईन. बरं, मग पर्याय निघाला की ५५ ते ६४ वयाच्या लोकांना पैसे भरून मेडिकेअर (६५ च्या वरच्यांची सरकारी योजना) घेऊ द्या. काहीच महिन्यांपूर्वी लिबरमन स्वतः एका मुलाखतीत या कल्पनेच्या बाजूने बोलले होते! डिसेंबरमध्ये त्यालाही नाही म्हणाले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात खुजा क्षण हा, तत्त्वाचं काही नव्हतं त्यात, जुना हिशेब चुकता केला.

आणि नेब्रास्काचे बेन नेल्सन. त्यांनी मतासाठी आपल्या राज्याचा मेडिकेडचा वाढीव खर्च कायमचा केंद्राकडून लिहून घेतला. देशभर एवढी छी थू झाली की नंतर ते कलम काढावं लागलं. गंमत म्हणजे २०१८ मध्ये त्याच नेब्रास्काच्या मतदारांनी सार्वमतात मेडिकेड वाढवायला स्वतःहून हो म्हटलं.

२४ डिसेंबरला ६०–३९ नी सिनेटमध्ये पास झालं, एकही मत इकडेतिकडे नाही. आणि महिन्याच्या आतच टेड केनेडींच्या निधनाने रिकामी झालेली मॅसॅच्युसेट्सची जागा रिपब्लिकन स्कॉट ब्राऊननी जिंकली, ६० चे ५९ झाले. आता बिल सिनेटकडे परत पाठवायची सोय नाही, म्हणून हाऊसने सिनेटचंच बिल नाक मुरडत गिळलं, २१ मार्च २०१० ला २१९–२१२ नी, ३४ डेमोक्रॅट विरोधात. त्यामुळे आज जो कायदा आहे तो कुणालाच जसा हवा होता तसा नाही. परीक्षेत लिहायचं असेल तर बहुमताचा आकडा लिहूच नकोस, शेवटचं मत कुणाचं होतं ते लिही.

प्रश्न : सिनेटर बर्नी सँडर्स यांचं 'मेडिकेअर फॉर ऑल' (सगळ्यांना एकच सरकारी विमा) कुठे गेलं? २०१९ ला सगळे तेच बोलत होते. (डॉक्टर, चिपळूण)

गेलं कुठे नाही, पक्षातच पडून आहे. २०१३ ला सँडर्सनी बिल आणलं तेव्हा सोबत एकही सिनेटर नव्हता, २०१७ ला १६ जण होते, त्यात कमला हॅरिस आणि एलिझाबेथ वॉरनही. मग निवडणूक आली आणि डिबेटमध्ये प्रश्न आला की खासगी विमा पूर्ण बंद करणार का, हात वर करा. तिथे सगळं फिसकटलं, कारण कंपनीचा विमा असलेल्या माणसाला तो आवडतो असं नाही, पण तो जाईल म्हटलं की त्याला घाम फुटतो. वॉरननी दहा वर्षांचा खर्च काढून दाखवला, २०.५ ट्रिलियन डॉलर, प्रामाणिकपणे आकडा सांगितला आणि तिथूनच त्यांची गाडी घसरली.

डॉक्टर, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट लास वेगासची. तिथे हॉटेल आणि कसिनोमधल्या कामगारांची क्युलिनरी युनियन आहे, भांडून भांडून उत्तम आरोग्य विमा मिळवलेली, स्वतःचं क्लिनिक, स्वतःची फार्मसी. २०२० मध्ये युनियनने पत्रकं काढून सांगितलं की सँडर्स आपला विमा काढून घेतील. म्हणजे डाव्या नेत्याला कामगारांची युनियन विरोध करतेय! तरीही नेवाडा, म्हणजे लास वेगासचं राज्य, सँडर्सच जिंकले, युनियनच्या बऱ्याच सभासदांनी त्यांनाच मत दिलं. उमेदवारी मात्र बायडेनना मिळाली आणि विषय मागे पडला.

प्रश्न : मुलगी आणि जावई टेक्सासमध्ये असतात, ग्रीन कार्ड आहे. जावयाचं स्वतःचं छोटं काम आहे त्यामुळे कंपनीचा विमा नाही, मार्केटप्लेसवरून घेतात. २०२६ साठी हप्ता एकदम कितीतरी पटीने वाढला. शटडाऊन याच्यासाठीच केलं होतं ना, मग डेमोक्रॅट लोकांनीच का माघार घेतली? (गृहिणी, ठाणे)

हो, यासाठीच. आधी हप्ता का वाढला ते सांगते. २०२१ मध्ये कोविडच्या पॅकेजमध्ये सबसिडी वाढवली होती, पुढे २०२५ अखेरपर्यंत मुदत दिली. नियम असा होता की कमाई थोडी जास्त असली तरी ठरावीक पॉलिसीसाठी उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांच्या वर हप्ता जाणार नाही. ३१ डिसेंबर २०२५ ला ती मुदत संपली आणि जुना नियम परत आला : दोघांच्या घराचं वर्षाचं उत्पन्न ८४,६०० डॉलरपर्यंत असेल तर सबसिडी, त्याच्या वर एक डॉलर गेला तरी शून्य. साठीच्या जोडप्याचं वर्षाचं उत्पन्न ८५,००० धरा. आधी ते वर्षाला ७,२२५ भरायचे, आता ४०० डॉलर जास्त कमावल्याबद्दल पूर्ण हप्ता, कित्येक ठिकाणी वीस हजारांच्या वर. तुमची मुलं तरुण आहेत म्हणजे एवढा फटका नसेल, पण त्यांचं उत्पन्न या रेषेच्या आसपास असेल तर सीएला विचारायला सांगा, ट्रॅडिशनल आयआरए (निवृत्तीसाठीचं बचत खातं) किंवा एचएसएमध्ये (औषधपाण्यासाठीचं बचत खातं) टाकलेले पैसे या हिशेबात उत्पन्नातून वजा होतात, कधीकधी तेवढ्यानेही रेषेच्या आत येता येतं.

आता माघारीचं. १ ऑक्टोबरला सरकार बंद पडलं, डेमोक्रॅट म्हणत होते सबसिडीची मुदत वाढवा मगच मत देऊ. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या बाजूचे आठ सिनेटर फुटले, सात डेमोक्रॅट आणि मेनचे अपक्ष अँगस किंग. बदल्यात मिळालं काय तर डिसेंबरमध्ये मतदान घेऊ एवढं आश्वासन. कारणं दिली ती खोटी नव्हती, सरकारी नोकरांचे पगार थांबलेले, गरिबांच्या धान्याचे पैसे अडकलेले. पण त्या आठ जणांची नावं काढून बघा, एकालाही २०२६ ची निवडणूक लढवायची नाही, दोघं निवृत्त होतायत आणि बाकीच्यांना अजून वेळ आहे. न्यू हॅम्पशायरच्या जीन शाहीन या तडजोडीत पुढे होत्या आणि त्यांची मुलगी हाऊसला उभी राहतेय, तिने जाहीर सांगितलं की मला आईचा निर्णय मान्य नाही. आईला मत मागायचं नाही, लेकीला मागायचंय.

११ डिसेंबरला मतदान झालं, ५१–४८, म्हणजे बहुमत मिळालं पण ६० नाहीत म्हणून पडलं. चार रिपब्लिकन बाजूने होते, कॉलिन्स, मर्कोव्स्की, अलास्काचेच सलिव्हन आणि मिझुरीचे हॉली. कारण आता रिपब्लिकनांचंच घर जळतंय. मार्केटप्लेसवर २०२५ मध्ये सुमारे २.४ कोटी लोक होते, त्यातले निम्म्याहून जास्त रिपब्लिकन खासदारांच्या मतदारसंघांतले. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया या राज्यांनी मेडिकेड वाढवलंच नाही, म्हणून तिथली माणसं मार्केटप्लेसवर आली. जॉर्जियाच्या तेव्हाच्या खासदार मार्जोरी टेलर ग्रीन, तोवर ट्रम्पच्या एकदम कट्टर समर्थक, त्यासुद्धा म्हणाल्या की माझ्या मोठ्या मुलांचे हप्ते दुप्पट होतायत आणि आमच्या पक्षाकडे प्लॅन नाही. हाऊसमध्ये तर चार रिपब्लिकनांनी स्वतःच्या स्पीकरला डावलून, सबसिडीवर मतदान घ्यायला लावणाऱ्या डेमोक्रॅटांच्या अर्जावर सह्या केल्या. आणि दुसऱ्या बाजूचे अडून बसले होते की गर्भपाताची अट घातल्याशिवाय एक डॉलर नाही. स्टुपॅकचाच वाद, फक्त पक्ष बदलला.

प्रश्न : आपल्याकडे विमा योजनेवरून पक्ष फुटल्याचं कधी ऐकलं नाही. आपण जास्त समजूतदार आहोत का? (शिक्षक, बार्शी)

गुरुजी, नाही. आपल्याकडे पक्ष फुटायला विमा योजनेची गरज लागत नाही एवढंच. आणि दुसरं, आपण रद्द करत नाही, नाव बदलतो. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आली, २०१७ मध्ये ती महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य झाली, मग केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली, दीड लाखाचं कव्हर पाच लाख झालं. हॉस्पिटलच्या दारात योजनेचा बोर्ड तेवढा बदलतो, रांग तीच असते, आणि कॅशलेस खरंच मिळतं का हा प्रश्न विधिमंडळात विरोधक विचारतात, सत्ताधारी पक्षातला माणूस क्वचितच.

प्रश्न : हे फक्त अमेरिकेतच होतं का? (विद्यार्थिनी, लंडन)

अगं तू तर जिथे घडलं तिथेच आहेस. एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) उभं करणारे अन्युरिन बेव्हन १९५१ च्या एप्रिलमध्ये स्वतःच्याच लेबर सरकारमधून राजीनामा देऊन बाहेर पडले, कशावरून, तर कवळी आणि चष्म्याचे अर्धे पैसे लोकांकडून घ्यायचे ठरलं म्हणून. पैसे कोरियाच्या युद्धामुळे वाढलेल्या शस्त्रखर्चासाठी हवे होते. बेव्हनबरोबर हॅरॉल्ड विल्सननीही राजीनामा दिला, जे पुढे पंतप्रधान झाले. सरकारकडे बहुमत अगदी पाचेक जागांचं, ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली आणि गेलं.

प्रश्न : या बंडखोरांचं पुढे काय झालं? पक्ष बदला घेतो का? (तीन-चार वाचकांनी विचारलंय)

सरसकट उत्तर नाही. स्टुपॅकनी शेवटी ओबामांकडून लेखी आदेश घेऊन हो म्हटलं, दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या आणि तीन आठवड्यांच्या आत जाहीर केलं की पुन्हा लढणार नाही. कॉलिन्स २०२० ला आरामात जिंकल्या, मर्कोव्स्की २०२२ ला. उलट ज्यांनी पक्षाचं ऐकलं तेच बुडाले असंही झालं : तोडगा काढणारे टॉम मॅकार्थर २०१८ मध्ये न्यू जर्सीत अँडी किम यांच्याकडून हरले. न्यू जर्सी म्हटलं की आपल्याला एडिसन हे गाव आठवतं, हा मतदारसंघ त्याच्या दक्षिणेला.

हॉलींचं मात्र मला अजून कोडं आहे. मिझुरीच्या लोकांनी २०२० मध्ये सार्वमताने मेडिकेड वाढवलं, त्यामुळे मे २०२५ मध्ये हॉलींनी पेपरात लेख लिहून पक्षाला बजावलं की मेडिकेड कापू नका. जुलैमध्ये कापणाऱ्या बिलालाच मत दिलं. मग डिसेंबरमध्ये सबसिडीच्या बाजूने मत. जुलैच्या त्याच बिलाला नॉर्थ कॅरोलायनाच्या थॉम टिलिसनी विरोध केला, ट्रम्प त्यांच्या मागे लागले, प्रायमरीत दुसरा उभा करतो म्हणाले, आणि टिलिसनी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं की मी २०२६ ला उभाच राहत नाही, मग सिनेटमध्ये उभं राहून मेडिकेडवर हवं ते बोलले. बिल ५०–५० वर अडलं, उपराष्ट्राध्यक्ष व्हान्सच्या मताने पास झालं. टिलिस यांच्या जागेची निवडणूक नोव्हेंबर २०२६ मध्ये आहे.